शिंदीच्या चटयांचं बेट

भूकंपात आमचं निलंग्याकडचं दगडमातीचं घर पडलं आणि भिंतीखाली माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून माय छताखाली झोपत नव्हती. गावातल्या पत्र्याच्या शेडबाहेर ती बाज टाकायची. पण दहावीनंतर मला लातूरला शिकवणी लागली, आम्ही दोघींनी खोली घेतली आणि तिथं डोक्यावर स्लॅब होता. माय अंधार पडला की दारात जाऊन बसायची. वर्गात मला गणितापेक्षा तिचेच तांबारलेले डोळे दिसत राहायचे.

तिची थोरली बहीण, माझी मावशी, नांदेडजवळ विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यातल्या एका बेटावर राहायची. तिनं निरोप धाडला, एकदा येऊन जा. सोमवारी माझी चाचणी होती, तरी त्याच रात्री परतायचं ठरवून आम्ही रविवारी पहाटेची एसटी धरली.

बेटावर जायला नावच होती. काठावर आल्यावर माय थबकली. नाव नुसती बांधलेली होती तरी हलत होती.

"हे हालून राहिलं," ती म्हणाली.

"पाणी हाय, हालनारच," नावाडी चाचा म्हणाले. "बीच में बैठो, बहन."

ती चढली, पण माझं मनगट तिनं सोडलं नाही. वाटेतल्या एका बेटावर बुरुडांची घरं होती. तिथं आम्ही नावेतले बांबूचे भारे उतरवले आणि सुपं, दुरड्या चढवल्या. पुढं मोकळ्या पाण्यात वारा सुटला. नाव डाव्या अंगाला कलली, दुरड्या घरंगळल्या.  मायनं डोळे मिटले आणि माझ्या भावाचं नाव घेत राहिली. मला पोहता येत नव्हतं. ती घाबरून उभी राहिली तर काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बेटाला लागेपर्यंत मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून होते.

मावशीच्या बेटावर सगळीच घरं चटया विणणारी. बायका शिंदीची पानं भिजवून चिरत होत्या, बोटांनी लांब पट्ट्या विणत होत्या. मग दाभणानं पट्टीला पट्टी जोडली की चटई. मावशीच्या घराच्या भिंतीही चटयांच्याच, वर गवताचं छप्पर.

मायनं भिंतीला हात लावला. भिंत आत दबली.

"अक्का, हे पडलं तर?"

"पडलं तर उचलून बाजूला ठेवायचं," मावशी म्हणाली. "टेक जरा."

माय आत जाऊन कुशीवर निजली. थोड्या वेळानं तिचं घोरणं ऐकू आलं. मावशीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. मला मात्र धड बसवेना. उन्हं कलत होती, चाचा काठावरून हाका मारत होते. ही नाव गेली की दुसरी सकाळीच. चाचणी चुकली तर सर मागच्या तुकडीत टाकणार होते. मी दोनदा दारापर्यंत गेले, मायच्या पायाला हात लावला आणि मागं घेतला.

"उठवू नको लेकरा," मावशी हळूच म्हणाली. "न्हाई तर पुन्हा कधी निजंल काय म्हाईत."

नाव गेली. मायला जाग आली तेव्हा दिवे लागले होते. आपण कुठं आहोत हे तिला क्षणभर कळेना, मग घाबरून तिनं आधी मला शोधलं.

चाचणी चुकली आणि सरांनी मला मागच्या तुकडीत टाकलं. मावशीनं दिलेल्या चटयांच्या गुंडाळ्या आम्ही एसटीच्या टपावरून आणल्या. घरमालकीण काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण गच्चीवर खोपी बांधू दिली. त्या खोपीत माय रोज झोपू लागली. तिच्या डोळ्यांची लाली हळूहळू उतरली.

मग माझी झोप उडाली. ती वर, मी खाली. मधेच जमीन हलली तर मी जिन्यानं वर पळायचं की तिनं खाली यायचं, हे मला ठरवता येईना. छतातून चिमूटभर वाळू झडली तरी मी पुस्तक टाकून उठायची. आठवडाभरानं मी माझी वळकटी आणि कंदील घेऊन वर गेले.  माय थोडी सरकली आणि तिनं मला जागा दिली.