सात पायऱ्यांचं तळं

आमच्या परड्यातल्या तळ्याला सात पायऱ्या आहेत आणि पाणी नाही.

दोन वर्षांपूर्वी नेमकं उलटं होतं. आजऱ्याच्या आमच्या घरामागं जांभ्या दगडात बांधलेलं हे तळं. त्याला जिवंत झरा, त्यामुळं भर मे महिन्यातही गळाभर पाणी. अण्णा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही रोज सकाळी त्यात पोहायचे. पण गुडघे गेलेले. आंब्याचं मूळ धरून, देवाचं आणि (चिडून) माझं नाव घेत ते पाण्यात उतरायचे. ते बघून मला गलबलून आलं आणि मी ठरवलं, अण्णांना पायऱ्या बांधून द्यायच्या. इथंच मी गप्प बसायला हवं होतं!

मी शाळेत भूगोल शिकवतो. म्हणजे नकाशा आलाच. आलेखाचा कागद आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन मी काठावर बसलो. (काठावरच, कारण मला पोहता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मून! शाळेत हे कुणाला माहीत नाही.) झरा टाळून पायऱ्या बांधायच्या होत्या आणि झरा नेमका कुठं, हे फक्त अण्णांच्या पायांना ठाऊक.

"अण्णा, झरा कुठाय?"

अण्णा मधोमध, माझ्याकडं तोंड करून पाण्यात तरंगत होते. "उजव्या हाताला, भिंतीच्या बुडात! पाय गार पडत्यात बघ."

मी माझ्या उजवीकडं निळा गोल काढला आणि डावीकडं पायऱ्या. नकाशा इतका देखणा झाला की बायकोलाही दाखवला.

"अहो, अण्णांना नीट विचारलंय न्हवं?"

"त्यांनीच सांगितलंय!"

अण्णांना आठ दिवस ताईकडं मलकापूरला धाडलं. (सरप्राइज!) पंप लावून तळं उपसलं. गवंडी बाबू डावीकडचा गाळ उकरायला लागला आणि थबकला.

"मास्तर, हितनं बुडबुडं येत्यात की!"

"गाळातली हवा असेल."

"हवा न्हाय, पानी हाय. हात घालून बघा, बरफ हाय नुसता!"

"बाबू, कागदावर झरा त्या बाजूला आहे."

बाबूनं कागद बघितला, बुडबुडे बघितले, मग बराच वेळ माझ्याकडं बघितलं. "तळं तुमचं," एवढंच म्हणाला आणि काँक्रीट ओतलं. खालून पाणी जोर करायला लागलं तेव्हा मीच ओरडलो, "अजून दोन घमेली टाक!"

अण्णा परत आले. पायऱ्यांवरून हात फिरवत म्हणाले, "माज्यासाठी केलंस व्हय रं?" लगेच टॉवेल खांद्यावर टाकला. "मग पवायला कधी मिळंल?"

"दोन दिवसांत भरेल, अण्णा."

भरलं नाही. रोज सकाळी अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून सात पायऱ्या उतरायचे आणि शेवटच्या पायरीवर नुसते बसून राहायचे.

पाचव्या दिवशी कुंपणापलीकडून शेवंताकाकूंची हाक आली. "मास्तर! आमच्या गोठ्यात पानी फुटलंय! म्हशी उठंनात!"

धावत गेलो. दोन म्हशी डोळे मिटून, पोटापर्यंत पाण्यात, रवंथ करत बसल्या होत्या. हात घातला. बर्फ!

अण्णांनी नकाशा मागितला. चष्मा लावून निरखून पाहिला, मग उलटा फिरवून माझ्या हातात दिला. त्यांचा उजवा हात म्हणजे माझा डावा! एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

बाबू म्हणतो, आता पायऱ्या फोडूनही उपयोग नाही, पाण्यानं वाट बदलली. काकूंनी तिथं चांगला मोठा खड्डा खणून घेतला आणि म्हशींसाठी बाजूला नवं छप्पर टाकलं. आता रोज सकाळी अण्णा त्या गुडघ्यांनी कुंपण ओलांडून तिकडं पोहायला जातात. मी कुंपणाच्या अलीकडं त्यांचा टॉवेल धरून उभा असतो. आमच्या तळ्यात बायको काजू वाळवते.

काल मला राहवलं नाही. विचारलं, "अण्णा, त्या खड्ड्याला एक शिडी लावू का? कुठल्या बाजूला लावू?"

पाण्यातून उत्तर आलं, "थांब, म्हशीला इचारून सांगतो!"