आपल्या माणसाचा मदरबोर्ड

गेल्या मे महिन्यात माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा नरडाण्याच्या एका कारखान्याच्या शेडचे नकाशे निम्मे झाले होते. मी जळगावला घरून नकाशे काढून देते. काम देणारे इंजिनिअर धुळ्याचे. त्यांनी शांतपणे सांगितलं की सोमवारी नकाशे आले तर ठीक, नाहीतर पुढची कामं ते दुसऱ्याकडे देतील. फाइली मी रोज पेनड्राइव्हवर उतरवून ठेवते, त्यामुळे रडायची वेळ आली नाही. फक्त मशीन हवं होतं, आणि ते आठवड्याच्या आत.

सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरवलं. प्रोसेसर आणला. राहिला मदरबोर्ड. माझ्या अपेक्षा साध्या होत्या. बोर्डाने हा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून ओळखावा. वीज सांभाळणाऱ्या भागांवर धातूची जाड पट्टी असावी, कारण आमच्या मे महिन्यात फॅनसुद्धा गरम वारा टाकतो. पुढे रॅम वाढवता यावी. पक्कं बिल आणि वॉरंटी मिळावी. रंगीत दिवे नकोत. हे सगळं कागदावर लिहून मी फ्रिजला चिकटवलं. फ्रिज मात्र सगळ्या घराचा असतो.

सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, कागद वाचला आणि धुळ्याला माझ्या दिरांना फोन लावला. दीर घराण्यातले कॉम्प्युटरतज्ज्ञ. शेजाऱ्याचा बंद प्रिंटर त्यांनी एकदा बटण दाबून सुरू केला होता, तेव्हापासून. त्यांनी मला बाजारात जायचीच मनाई केली. धुळ्यात त्यांचा माणूस होता, साडूचा आतेभाऊ. आमच्याकडे वस्तू कशी आहे हे नंतर बघतात. आधी विकणारा कोणाचा कोण ते बघतात, आणि तो आपला निघाला की वस्तू बघायचं राहूनच जातं.

गुरुवारी दीर बोर्ड घेऊन हजर. खोक्यावर जबडा वासलेला ड्रॅगन. आत बोर्डावरही धातूचा ड्रॅगन, आणि त्याच्या डोळ्यांत दिवे. नानांनी बोर्ड तळहातावर तोलला.

"वजन शे बरं," ते म्हणाले. नानांचं 'आहे' अहिराणीत 'शे' होतं.

भरताचं वांगं निवडताना हलकं तेवढंच पाटीतून उचलणारा हा माणूस. वजन सगळं ड्रॅगनचं होतं. जिथे पट्टी हवी होती तिथे काहीच नव्हतं. नानांनी खोक्याला हळदीकुंकू लावलं. बोर्डाला लावणार होते, मी तो वेळेवर काढून घेतला. मग बिल मागितलं.

दिरांनी आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, आपल्या माणसाकडे बिल मागायचं? मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

दिराने आणलेली वस्तू नाकारणं म्हणजे त्याच्यासमोरचं ताट उचलण्यासारखं. मी मशीन जोडलं. पंखे फिरले, ड्रॅगनचे डोळे चमकले, स्क्रीन काळाच. बोर्ड जुन्या साठ्यातला होता. त्याच्यातलं मूळ सॉफ्टवेअर माझा प्रोसेसर बाजारात येण्याआधीचं, त्यामुळे त्याने पाहुण्याला दारातच उभं ठेवलं. दुकानात जुना प्रोसेसर लावून नवं सॉफ्टवेअर भरलं असतं, तर काम झालं असतं. पण आपला माणूस चाळीसगावला लग्नात होता. त्याने बंद करून पुन्हा चालू करायचा सल्ला दिला. बदलून द्यायला सांगा म्हटलं, तर दीर म्हणाले की लग्नघरात असले विषय काढत नाहीत. बिल नसल्यामुळे कंपनीकडे जायचीही सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी फ्रिजवरचा कागद काढला आणि जळगावातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने माझं गाव विचारलं नाही, चहा विचारला नाही, मोबाइलमधून मान वर केली नाही. मी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरच्या यादीत माझा प्रोसेसर शोधला, सॉफ्टवेअरची आवृत्ती खोक्यावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिली, पट्टीवरून बोट फिरवलं. राखाडी, नीरस बोर्ड. बिल त्याने न मागता फाडलं, तेही मोबाइल बघतच. इतका परका माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

घरी नानांनी तोही तळहातावर घेतला. "हलकं शे."

"भरताचं समजा, नाना."

दुपारपर्यंत मशीन सुरू झालं. शनिवार-रविवार मी शेडमध्येच राहत असल्यासारखे काढले. सोमवारी नकाशे गेले. इंजिनिअरसाहेबांचं 'ओके' आलं, आणि त्यापाठोपाठ पुढच्या शेडची मोजमापं.

ड्रॅगन माळ्यावर आहे. आपला माणूस एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातो आहे. जामनेरच्या एका हळदीत दिरांनी चारचौघांत सांगितलं की वहिनीचा कॉम्प्युटर त्यांनीच बसवून दिला. मी जिलेबी खात होते, खात राहिले.

परवा त्यांचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातला बोर्ड गेला होता, माझ्या दुकानदाराचा नंबर हवा होता. मी तो दिला.

"आपलाच माणूस आहे असं सांगू ना त्याला?"

"अजिबात सांगू नका, भाऊजी," मी म्हणाले. "मग बिल नाही देणार तो."