यादीवाले आप्पा

२० मे २०२४, पहाटे साडेपाच. लोकसभेच्या मतदानाआधी यंत्राची चाचणी सुरू झाली, आणि माझ्या शेजारच्या बाकावर आप्पा नव्हते. नाशिकच्या आमच्या उपनगरातल्या त्या शाळेत आम्ही दोघे कितीतरी निवडणुका शेजारी बसलो. ते त्यांच्या पक्षाचे बूथ एजंट, मी, निवृत्त शिक्षक, विरुद्ध पक्षाचा. त्या निवडणुकीनंतर आप्पा वारले, म्हणून आता हे लिहून ठेवतो.

आप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मतदार यादी, लाकडी पट्टी आणि तांबडी पेन्सिल घेऊन ते निवडणुकीआधी दारोदार फिरत. कोण वारले, कोणाची मुलगी सासरी गेली, कोणाला अठरा पूर्ण झाली, सारे टिपत. सख्खा भाऊ गेला तेव्हा तेराव्याच्या पंगती उठायच्या आत त्यांनी त्याचे नाव वगळण्याचा अर्ज भरला. मी विचारले, "आप्पा, एवढी घाई कसली? मत तर तुमच्याच पक्षाचे होते."

"म्हणून तर, मास्तर. उद्या तुम्हीच बोंब मारली असती."

आमची जागा कोणत्याच पक्षाच्या हक्काची नव्हे. पारडे फिरते ते उपनगरांत. कधी त्यांचा माणूस दिल्लीला गेला, कधी आमचा. आप्पांना त्याचे नवल नसे. "ही जागा म्हंजे यष्टीतली खिडकी," ते म्हणत. "रुमाल टाकला म्हून तुमची होत नाय."

२०२४च्या या निवडणुकीआधी त्यांच्या वॉर्डप्रमुखाने रुमालाऐवजी कात्री काढली. पाटाकडेला फुलशेती करणारी काही कुटुंबे होती. रस्ता रुंद करताना त्यांची घरे पाडली गेली. ती आपल्याच शेतात, मागे, पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. ती आमच्या पक्षाला मत देतात हे सर्वांना ठाऊक होते. वॉर्डप्रमुखाने 'स्थलांतरित' म्हणून त्यांची नावे वगळण्याचे अर्ज छापून आणले आणि आप्पांपुढे ठेवले. आप्पांच्या सहीवर कोणी शंका घेत नसे.

"दोनशे पावलं मागं गेलीत ती. मी मोजलीत," आप्पा म्हणाले. "सही नाय."

"आप्पा, मागच्या खेपेला हा वॉर्ड थोडक्यात हुकला. तुम्ही आमचे का त्यांचे?"

"मी यादीचा."

सह्या दुसऱ्यांनी केल्या आणि नावे कापली गेली. चौकशीला म्हणून शेडपर्यंत कोणी चालत गेले नाही. भर उन्हात आप्पा गेले. मुदतीच्या आत त्यांनी प्रत्येकाचा नवा अर्ज भरला, कचेरीत खेटे घातले. पक्षाने त्यांचा एजंटचा पास काढून वॉर्डप्रमुखाच्या मेहुण्याला दिला.

आमच्या पक्षाने काय केले? मी पक्षाच्या कचेरीत दोनदा निरोप धाडला. उत्तर आले, "मास्तर, सभेची गडबड आहे, नंतर बघू." मी स्वतः गेलो नाही. पक्षाची कचेरी पाहून घेईल, असे मी मानले. मते आमची होती आणि चपला आप्पांच्या झिजल्या.

मतदानाच्या त्या दिवशी सात वाजता केंद्राचे दार उघडले. आप्पा त्या कुटुंबांना घेऊन रांगेत उभे होते. एकेकाचे नाव पुकारले गेले, बोटाला शाई लागली. शेवटी लक्ष्मीबाई आल्या. त्यांचे नाव यादीत परतले नव्हते. केंद्राध्यक्षाने यादी दोनदा पाहून मान हलवली. नियमाने त्याचे बरोबर होते.

लक्ष्मीबाई त्याला म्हणाल्या, "माझं घर तुम्ही पाडलं, अन् मीच निघून गेली म्हंता?"

त्याने मागच्या मतदाराला पुढे बोलावले. मेहुण्याने मोबाइलमधून डोके वर काढले नाही. दाराशी उभ्या आप्पांनी हात जोडले. "मावशी, माझ्याकडून एक राहिलं."

ज्याने बाकीची सगळी नावे परत आणली, तो क्षमा मागत होता. ज्याने एकही आणले नाही, तो मी, गळ्यात पास घालून बाकावर बसलो होतो.

संध्याकाळी यंत्र सीलबंद झाले. फाटकाशी आमचा तालेवार कार्यकर्ता भेटला. "फुलवाल्यांची मतं आपल्यालाच ना, मास्तर? पोरांनी लय मेहनत घेतली बरं!"

"कोणत्या पोरांनी?" मी विचारले. मी तिथून थेट पाटाकडेला गेलो. लक्ष्मीबाईंच्या शेडपुढे खाटेवर बसून त्यांचा नाव-नोंदणीचा अर्ज भरला, आणि त्यांचा अंगठा घेतला.