इंजिनाखालचा कागद

नातीच्या मोटारसायकलचा ऑइल फिल्टर बदलायला आम्ही दोघी अष्टमी गावातल्या गॅरेजात गेलो, तेव्हा नव्या फिल्टरचा डबा मी पदराखाली धरून बसले होते. नात रोज त्याच गाडीवरून डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जाते. वाटेत इंजिन जाम झालं तर? मेकॅनिक अस्सल फिल्टर लपवून नकली बसवणार, याची मला खात्रीच होती.

"आजी, डबा देताय का अंडी उबवताय?" तो म्हणाला.

जुना फिल्टर काढून त्याने माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हरने फाडला. "नायतर कोणतरी धुऊन परत विकतो."

तुला बरं ठाऊक, मी मनात म्हटलं.

नवा बसवून, ऑइल भरून त्याने इंजिन चालू केलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि उकिडवा बसून राहिला.

"आता काय बघतोस?"

"गळतंय का ते. माझ्या हातावर माझाच इश्वास नाय."

तरुणपणी मी मोठी शहाणी! 'डोळे मिटून घ्या, ताई' म्हणणाऱ्याकडून खरंच डोळे मिटून साडी घेतली, आणि पहिल्याच धुण्यात बादली लाल झाली. त्यापुढे स्वतःचंच काम तपासणारा हा बरा वाटला.

"जा गो, शिफ्ट चुकंल," मी नातीला म्हटलं.

ती गेल्यावर मी वाकून कागदावर हात फिरवला. कोरडा होता. मग त्यानेही फिरवला.