विषय क्रमांक एकोणीस आणि मावशीचं पुढचं दार

लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. मध्ये अमरकंटकला जाऊन आलो, मित्राच्या टेम्पोवर आठ दिवस भटकलो, मोबाईल एकदा पाण्यात पडला... पण खरं सांगायचं तर लिहायची लाज वाटत होती. का, ते पुढे येईलच.

माझी मावशी राहते रायपूरच्या कडेला, एका छोट्या नगरपालिकेत. नाव नाही सांगत, तिला तिथंच राहायचंय. राजधानी वाढत वाढत तिच्या पाऱ्यापर्यंत, म्हणजे मोहल्ल्यापर्यंत आली, रस्ता रुंद झाला आणि दारासमोरून खोल नाली गेली. ओटा गेला, पायऱ्या गेल्या... पुढचं दार उघडलं की खाली सरळ नाली.

सहा वर्षं मावशी मागच्या दारानं ये-जा करतेय. तेवढं तिनं चालवून घेतलं असतं. पण समोरची बिसाहिन दीदी रोज दुपारी भाजी निवडायला तिच्या ओट्यावर यायची, तीस वर्षांची बैठक होती दोघींची. नालीवर टाकलेल्या फळीवरून दीदी एकदा घसरली, कंबर दुखावली आणि मुलगा तिला बीरगावला घेऊन गेला. जाताना म्हणाली, "पुलिया बनही त आहूं बहिनी." म्हणजे नालीवर पूल झाला की येईन.

बस, मावशीनं ते धरूनच ठेवलं. कोर्टात दावा लावला. पैसे नकोत, दारासमोर नालीवर स्लॅब टाकून द्या, एवढंच मागणं. चार-पाच वर्षांनी तडजोड ठरली... पालिका स्लॅब टाकेल, मावशी दावा मागे घेईल.

मला वाटलं, झालं. वकीलसाहेब म्हणाले, अजून कुठं? पालिकेच्या वतीनं असा समझोता कोणी एकटा करू शकत नाही, अध्यक्षसुद्धा नाही. आधी कमिटी बघणार, मग सगळे पार्षद, म्हणजे नगरसेवक, बसतात त्या सामान्य सभेनं हो म्हटलं पाहिजे.

सभेच्या दिवशी मावशी सकाळपासून तयार. ठेवणीतली साडी, पिशवीत पोहे भरलेला स्टीलचा डबा. तडजोडीच्या कागदावर स्लॅबची रुंदी तीन फूट लिहिली होती, ते तिला पटलं नव्हतं. "मले विचारतीलच ना रे. मी सांगीन, दोघी जणी बसतील येवढा करा." रिक्षात बसून तिनं हे वाक्य हिंदीत दहा वेळा म्हणून पाहिलं.

हॉलमध्ये मागं भिंतीला लागून लोकांसाठी खुर्च्या होत्या, तिथं बसलो. आमचा विषय एकोणीस नंबरचा. दुसऱ्याच विषयात गावाच्या स्वागतद्वाराला दगड कोणता लावायचा यावर दीड तास भांडण. एक पार्षद टेबलावर हात आपटून म्हणाला, "भैया, पहले मेरे वार्ड की नाली पर ढक्कन लगाओ, फिर अपना ताजमहल बनाना!" मावशी मला कोपर मारून म्हणाली, "हा पोट्टा बरोबर बोलून राहिला."

मी म्हटलं, चहा पिऊन येतो, एकोणीसला वेळ आहे. बाहेर झाडाखाली एक म्हातारेबाबा मांदरवर, तिकडच्या ढोलावर, कातडं चढवत बसले होते. बघतच राहिलो... परत आलो तर खुर्च्या सरकत होत्या, समोसे वाटणं चालू.

"काय झालं?"

"काही नाही. आपला नंबरच नाही आला. जेवायची येळ झाली, त एक साहेब म्हणे, सतरा से तेईस तक सब पारित. अन् सगळ्यांनी टेबल वाजवले."

"अन् तू?"

"सगळे वाजवून राहिले होते, त मीबी डबा वाजवला."

आपलाच विषय पास होताना तिनं डबा वाजवला होता आणि तिला पत्ताच नव्हता. मी समजावलं तेव्हा तिनं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मग म्हणाली, "येवढंच? माझं नावबी नाही घेतलं कोणी?"

व्हरांड्यात तिनं त्या ढक्कनवाल्या पार्षदाला गाठून दोघींचं वाक्य म्हटलंच. तो हसला, "मौसी, पुलिया पास हुई है, बरामदा नहीं." तीही हसली. पण घरी येईपर्यंत डबा मांडीवर घट्ट धरून होती.

स्लॅब झाला. मोजून तीन फूट. मावशी रोज दुपारी तीनला पुढचं दार उघडून त्यावर बसायचे दोन पीढे मांडते. गुडघ्याला गुडघा लागतो, पण मावतात. एकावर ती बसते... दुसरा तसाच.

आता लाजेची गोष्ट. दीदीच्या मुलाचा जुना नंबर लागत नव्हता, म्हणून निरोप द्यायला बीरगावला मी जायचं होतं. "काहून रे, अमरकंटक जवळ पडते काय तुले?" असं मावशीनं ऐकवलंसुद्धा. सोमवारी एकदाचा गेलो तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे गावाकडे गेलेत, परत यायचं काही सांगितलं नाही. किराणा दुकानात निरोप ठेवून आलो. कुलुपाचं मावशीला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. आधीच गेलो असतो तर...

इतका हिंडतो मी, पण मी येईन म्हणून कुणी असा पीढा मांडून ठेवल्याचं आठवत नाही. खरंतर येईन असं मी कुणाला कधी म्हटलंच नाही. न वाचता का होईना, त्या दिवशी टेबलं वाजवणाऱ्या सगळ्यांचे आभार. निदान दार तरी उघडलं.

एक मिनिट... मावशीच्या पुढच्या खोलीत बसून हे लिहितोय आणि समोर ऑटो थांबलाय. हातात काठी, दुसऱ्या हातात लाल भाजीची जुडी. फळीच्या सवयीनं आधी काठीनं स्लॅब ठोकून बघतेय.

मावशी मागं दोरीवरचे कपडे काढतेय, तिला काही माहीत नाही. बोलावतो... बिसाहिन दीदी आलीय.