जुंपलेली बंदूक

शहापूरच्या कचेरीत मी कारकून असताना खर्डीकडचा एक लोहार बंदुकीचा परवाना नवा करायला दरसाल यायचा. लोखंडाशी तो बैलाशी बोलावं तसा बोलायचा. कचेरीच्या दाराची कडी अडली तर तिलाही थोपटून "होऽ राजा" म्हणायचा.

एका वर्षी त्यानं स्वतःच्या आणि भावाच्या जुन्या बंदुकांच्या नळ्या एकाच दस्त्यावर बसवून आणल्या. मामलेदार चक्रावले. "परवाने दोन आणि बंदूक एक? हे कायद्यात बसायचं कसं?"

"बसतंय साहेब. बैल दोन जुंपले तरी नांगर एकच ना? रानडुकराला एक चुकला तर दुसरा हाय."

मामलेदार पोट धरून हसले आणि एकच परवाना द्या म्हणाले. हसण्याच्या भरात मी नोंदवहीत लिहून बसलो, 'बंदूक एक, बैल दोन.' त्यांनीही न वाचता सही ठोकली.

पुढच्या साली ठाण्याचे कलेक्टरसाहेब तपासणीला आले, तेव्हा लोहार बंदूक घेऊन समोरच उभा होता. नोंद वाचून साहेब कडाडले, "बैल कुठंयत?"

 लोहारानं नळ्या थोपटल्या.

"हे काय, साहेब. पुढं नका उभं राहू, मारके हायत."