न दिलेली बकरी
ताडकळसच्या बाजारादिवशी बसमध्ये शेळ्यांचा वास आला की मला जत्रेतल्या वाघ-बकरीच्या स्पर्धेतला तो शेवटचा डाव आठवतो. देवळाच्या फरशीवर कोळशानं पट आखला होता. विटेचे तीन तुकडे म्हणजे वाघ, पांढरे खडे म्हणजे बकऱ्या. वाघ पूर्णेच्या एका मास्तरांचे, बकऱ्या माझ्या वडिलांच्या. जन्मभर शेळ्या राखलेला माणूस, दरवर्षी या डावापर्यंत येऊन हरायचा. त्या दिवशी दोन वाघ त्यांनी कोंडले होते. तिसऱ्यापुढं एक बकरी सरकवली असती तर नियमानं त्याला ती खावीच लागली असती, आणि उडी मारून तो कोपऱ्यात कायमचा अडकला असता. मला ते लख्ख दिसत होतं. पण बघणाऱ्यानं तोंड उघडलं की त्याच्या माणसाची हार, म्हणून मी ओढणी दातात धरून बसले. वडिलांचं बोट त्या खड्यावर गेलं, थांबलं, आणि त्यांनी दुसराच खडा हलवला. डाव गेला. घरी येऊन त्यांनी अंगणात सगळ्या चाली पुन्हा मांडल्या आणि तिथंच येऊन अडले. "अण्णा, ही बकरी द्यायची होती," मी म्हणाले. "दिसलं की मला. पण आपल्या हातानं वाघाच्या तोंडी द्यायची? लय जिवावर आलं, माय." आज शेजारच्या सीटवरचा म्हातारा विकायला न्यायच्या करडाला ऊन लागू नये म्हणून खिडकीला टॉवेल धरून बसलाय. मी गप्प आहे. बघणाऱ्यानं बोलायचं नसतं.